पाच कोऱ्या, एक विटकी

मलकापूर स्टेशनावर मला सोडायला एकटी आई आली होती. दोघी काकू, आत्या, मावशी, मामी, सगळ्या गावातच असून एकीलाही सवड झाली नाही. लग्नाआधी पोरगी नर्स म्हणून परदेशी चालली म्हणजे घराण्याचं नाक कापलं, असं थोरल्या काकूनं आधीच जाहीर केलं होतं. आई म्हणाली, "बोलू दे त्याइले. तू काऊन रडून राह्यली? बस डब्यात."

आयर्लंडमधल्या पहिल्या पगारातून मी मलकापूरच्या दुकानदाराला फोन करून सहा सुती साड्या घरी पाठवल्या, आईला आणि त्या पाचजणींना. सगळ्या एकाच छापाच्या, लाल कोयऱ्यांच्या. आमच्याकडे दोघींना वेगवेगळी साडी दिली की वर्षभर तोंडं वाकडी.

इथे मला हॉस्पिटलमधून सुट्टी असली की मी क्विल्टिंगच्या, म्हणजे इथल्या गोधडीच्या, क्लासला जाते. तिथे कॅलिडोस्कोप नावाची नक्षी शिकवली. एकाच छापाचे सहा थर कोयरीवर कोयरी आणून ठेवायचे, त्रिकोण कापायचा, आणि ते सहा त्रिकोण टोकाला टोक लावून जोडायचे. षटकोन होतो आणि आत फूल दिसतं. मला लगेच त्या साड्या आठवल्या. एव्हाना जुन्या झाल्या असतील म्हणून दिवाळीत घरी गेले तेव्हा सगळ्यांकडे मागितल्या.

पाच आल्या त्या प्लास्टिकच्या पिशवीतून, घडीही न मोडलेल्या. थोरली काकू तोंडावर म्हणाली, "त्या पैशाची साडी नेसून कुठी मिरवू बाई?" आणि त्याच दमात, "माह्या पोराले तिकडं लावून दे ना वं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा पैसा विटाळलेला, आणि व्हिसा सोवळा!

आईच्या साडीवरच्या कोयऱ्या मात्र धुऊन धुऊन पुसट झालेल्या. "मी तं वावरात सोयाबीन सोंगाले बी हेच नेसून गेली," ती म्हणाली. बाकीच्या कोऱ्या साड्या कापणार म्हटल्यावर ती चिडलीच. "गोधडी नेसलेल्या कापडाची असते वं. ज्याले आंगच नाही लागलं, त्याची ऊब काय येईन?"

तरी मी इकडे आणून कापल्या. प्रत्येक फुलात पाच पाकळ्या लालभडक, एक विटकी. क्लासच्या बाई म्हणाल्या, ती फिकी काढून कोऱ्यातलीच लाव, डिझाइन बिघडतंय. मी फाडकन सांगितलं, बिघडल्यात त्या बाकीच्या पाच.

घर कुठे असं कुणी विचारलं की मी अजून मलकापूर सांगते. पण ड्यूटीवरून येऊन ती गोधडी घेऊन आडवी झाल्यावर गाल त्या विटक्या पाकळीवर टेकतो, तेव्हाच घरी आल्यासारखं वाटतं. त्या पाचांनाही मी सोडलेलं नाही. रोज पांघरते, रगडून धुते.

काकू, तुझ्या साडीला शेवटी अंग लागलं. रंग जायला लागलाय.