हंगेरीवाल्याचा बाप आणि आमचे नऊ फूट

वॉटर पोलोत सगळ्यात आधी एकच गोष्ट शिकवतात: तळाला पाय लावायचा नाही. अख्खा सामना अधांतरी पाय मारत खेळायचा. त्यामुळे तलावाची नऊ फुटांची खोल बाजू बुजवून सगळीकडे चार फूट पाणी करणार, अशी नोटीस बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीबाहेर लागली, तेव्हा आमचा संघ मोडायचं ठरलं होतं, दुसरं काही नाही. नोटिशीत मात्र लिहिलं होतं, 'सुरक्षिततेसाठी'. हा शब्द मी ओळखते. आत माणसं राबत असताना कारखान्याला बाहेरून कुलूप घालतात, तेव्हाही हाच शब्द असतो.

तलाव एका ट्रस्टचा. गुजरातेत लूमवर कामाला आलेल्या मराठी माणसांच्या, डिंडोलीतल्या आमच्या गल्लीतून सायकलनं पंचवीस मिनिटं. दुपारी दोन ते साडेतीन लेडीज बॅच, म्हणजे ज्या वेळी उन्हामुळे दुसरं कोणी येत नाही ती वेळ. आम्ही अकरा जणी होतो. बहुतेकींचे बाप कापडाच्या कारखान्यात लूमवर, आया घरी साड्यांवर खडे चिकटवणाऱ्या. सगळ्यांत मोठी मी, तेवीस वर्षांची आणि कॅप्टन. सगळ्यांत लहान आमची गोलकीपर, शेजारच्या गल्लीतली, नववीतली. शिकवणारे सर कलकत्त्याचे, रेल्वेत नोकरीला असताना खेळलेले, आता निवृत्त. मराठी त्यांना 'चल' आणि 'पुरे' एवढंच येतं. बाकी सगळं हिंदीत, तेही त्यांच्या पद्धतीच्या.

सरांच्या फोनमध्ये हंगेरीच्या एका जगज्जेत्या खेळाडूचे व्हिडिओ होते. त्याचं नाव आम्हाला कोणालाच धड उच्चारता आलं नाही, म्हणून तो हंगेरीवाला. सरांनी त्याची सगळी कारकीर्द ओळीनं साठवली होती. पहिल्या व्हिडिओत तो सोळा-सतराचा, काटकुळा, खांद्यांची हाडं वर आलेली. पुढची दोन वर्षं व्हिडिओच नाही, कारण देशाच्या संघात त्याला घेतलंच नव्हतं. सर नेमके तिथे थांबायचे. "इधर कुछ नहीं है, देखो. इधर वो सिर्फ पैर मार रहा था. दो साल." मग मोठे सामने, निखळलेला खांदा, बाकावरचा एक हंगाम, आणि मग ऑलिम्पिकचं सुवर्ण. शेवटच्या व्हिडिओत तो पोट सुटलेला, काठावर उकिडवा बसून लहान मुलांवर ओरडणारा.

मला सगळ्यांत आवडायचं ते पाण्याखालचं चित्रण. पाण्यावर त्याचा चेहरा शांत, एक हात वर, चेंडू तळव्यावर. पाण्याखाली दोघे जण त्याची चड्डी ओढतायत, गुडघे हाणतायत, आणि त्याचे पाय मात्र गोल गोल फिरतायत, न थांबता. पंचाला यातलं काही दिसत नाही. हे बघून मला वाटलं, हा खेळ आपल्यासाठीच काढलाय.

हंगेरीला समुद्र नाही, हे मला सरांनीच सांगितलं. चहूकडून जमीन. तरी तिथली पोरं हिवाळ्यातसुद्धा गरम पाण्याच्या तलावांत वाढतात. आमच्याकडे तापी आहे, डुमसला समुद्र आहे, आणि आमच्या गल्लीतल्या बायकांना गुडघ्यापलीकडचं पाणी ठाऊक नाही. याचा राग यायला नको?

मला आला, आणि राग आला की मी पत्रक लिहिते. कॉलेजपासून मी एका कामगार गटात आहे. कारखान्यात पिण्याचं पाणी, बायकांसाठी संडास, असल्या मागण्यांची पत्रकं मी लिहिली आहेत. पत्रकाची एक रीत असते. वर एक माणूस हवा, आपल्यातला, अन्याय सोसलेला आणि तरी उभा राहिलेला. मग मागणी. माणूस नसला तर मागणी कोणी वाचत नाही.

म्हणून मी लिहिलं: 'हंगेरीच्या लूम कामगाराचा मुलगा जगज्जेता झाला. डिंडोलीच्या लूम कामगाराची मुलगी का नाही?'

हंगेरीवाल्याचा बाप लूम कामगार नव्हता. तो इंजिनिअर होता, आणि आई पोहणं शिकवायची. मला ते माहीत होतं. सरांनी सांगितलेलं मी ऐकलं होतं आणि तरी लिहिलं. चूक झाली, अनवधानानं झालं, असं मी म्हणणार नाही.

पत्रक चाललं, आणि कसलं चाललं! सकाळी सातला रात्रपाळी सुटते, दिवसपाळी चढते, तेव्हा चहाच्या टपऱ्यांवर मी ते वाटलं. पोरींनी पाण्यात उतरावं की नाही यावर ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं, त्यांनी 'खोल बाजू बुजवू नका' या मागणीखाली सह्या केल्या. एकानं तर पत्रक कारखान्याच्या दारावर चिकटवलं. माझ्या वडिलांनी ते डब्याच्या सुट्टीत मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचताना किती अभिमान वाटला, ते घरी आल्यावर त्यांनीच सांगितलं, आणि मी ताटात बघत राहिले.

ट्रस्टनं बैठक बोलावली. सेक्रेटरीकाका गुजराती, वयस्क, बोलायला गोड. त्यांनी माझं पत्रक टेबलावर सरळ केलं आणि फोन बाजूला ठेवला.

"बेन, आ तमे लख्युं छे?"

"हो, मीच लिहिलंय."

"तमारा हंगेरीवाळाना पप्पा तो एन्जिनियर छे." त्यांनी फोन माझ्याकडे फिरवला. मग सरळ हिंदीत आले, सगळ्यांना कळावं म्हणून. "जिसने बाप झूठा लिखा, वो बोलती है नौ फुट में लड़कियाँ सेफ हैं. मैं कैसे मानूँ?"

मी टेबलावरचं पत्रक उचलून त्याची घडी घातली. निर्णय पुढच्या रविवारवर गेला, पण तो काय होणार हे खोलीतल्या खुर्च्यांनाही कळलं होतं.

बाहेर सर माझी वाट बघत होते. त्यांनी चष्मा पुसला.

"तुमने उसका बाप ही बदल दिया?"

"सर, लोकांना आपलासा वाटावा म्हणून…"

"अरे, शादी के रिश्ते में भी इतना झूठ नहीं चलता."

घरी आई खडे चिकटवत होती. मी सगळं सांगितलं. तिनं साडीवरून नजर काढली नाही.

"त्याना बाप त्याना से. तुले तुना बाप कमी पडना का?"

एवढंच म्हणाली, गावाकडच्या बोलीत. पुढे काही बोलली असती तर मी भांडले असते. भांडायला जागाच ठेवली नाही.

त्या रात्री मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यात वर माणूस नव्हता. पहिलंच वाक्य: 'मागच्या पत्रकात मी खोटं लिहिलं.' पुढे लिहिलं, हंगेरीवाला शिकलेल्या घरातला होता, त्याला दारातच तलाव होता, आणि तरीही दोन वर्षं त्याला फक्त पाय मारावे लागले. आमच्या दारात तलाव नाही. एकच आहे, पंचवीस मिनिटांवर, आणि तो बुजवतायत. मग आमच्याबद्दल लिहिलं, जे खरं होतं ते. लूमच्या खडखडाटात आवाज पोचत नाही, म्हणून आमचे बाप हातांच्या खुणांनी बोलतात: धागा तुटला, मशीन थांबव, इकडे ये. कानांवर टोपी आणि डोक्याभोवती पाणी असताना आम्हालाही ऐकू येत नाही, आणि आम्ही त्याच खुणा वापरतो. दुसऱ्या संघाला त्या कळत नाहीत. हे मला पहिल्यांदा सुचलं नव्हतं, कारण मी आपला माणूस हंगेरीत शोधत बसले होते.

कामगार गटातल्या एकानं सांगितलं, माफी छापू नकोस, लोक विसरतात. मी छापली. आणि त्याच टपऱ्यांवर, त्याच सात वाजता जाऊन उभी राहिले.

"काय ताई, आता कोणाचा मुलगा झाला तो? कलेक्टरचा?"

"पुढच्या वेळी माझं नाव टाका बाप म्हणून. मी तयार आहे!"

सगळे हसले. तिघांनी सह्या खोडायला कागद मागितला, मी दिला. वडिलांनी माझ्या हातातून अर्धी पत्रकं घेतली आणि दुसऱ्या टपरीकडे गेले. मग रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल झालेला एक माणूस पुढे आला. त्याच्या दोन मुली गल्लीत घरीच असतात, एवढं मला माहीत होतं.

"ते हंगेरी-बिंगेरी जाऊ द्या. पोरी बुडणार नाहीत ना, एवढं सांगा."

"मी सांगून उपयोग नाही," मी म्हटलं. "रविवारी या आणि बघा."

रविवारी ट्रस्टची मंडळी सावलीत खुर्च्या टाकून बसली. आमच्या बाजूला चाळीसेक माणसं, बरीचशी बनियनवर, काही आया डोक्यावर पदर घेऊन. माझी आईही आली होती. सरांनी आम्हाला नऊ फुटात उतरवलं आणि हात पाण्याबाहेर काढायला लावले. दोन्ही हात, कोपरापासून वर. मग प्रत्येकीच्या हातात पाच लिटरचा भरलेला कॅन दिला.

पहिली दोन मिनिटं लोक आपसात बोलत होते. तिसऱ्या मिनिटाला काठाशी सरकले. माझ्या मांड्या पेटल्या. शेजारची म्हणाली, "ताई, मला उलटी होईल." मी म्हटलं, "कॅन सोडून कर." ती हसली आणि पाणी प्यायली. पाचव्या मिनिटाला दोघींनी कॅन सोडले, पण काठाकडे नाही गेल्या. नुसते हात वर धरून राहिल्या. आमची गोलकीपर, नववीतली, कॅन डोक्यावर धरून सेक्रेटरीकाकांकडेच बघत होती. डोळा न लववता.

"बस, बस, उतारो!" काका उठून उभे राहिले. सरांनी त्यांच्याकडे न बघता आणखी एक मिनिट घेतलं.

त्या दुपारी ट्रस्टनं लिहून दिलं: खोल बाजू वर्षभर तशीच राहील, लेडीज बॅचला दोन जीवरक्षक असतील, वर्षानंतर पुन्हा बघू. एक अट होती. संघाच्या वतीनं सही मी करायची नाही, आणि यापुढे त्यांच्याशी बोलायचंही नाही. खोटं लिहिणाऱ्या माणसाची सही त्यांना नको होती.

माझ्या जिभेवर बरंच होतं. नोटीस खोटी नव्हती का? 'सुरक्षिततेसाठी' खरं होतं का? मी गोलकीपरच्या आईला पुढे केलं, सगळ्यांत लहान पोरीची पालक म्हणून. त्या बाईंनी पदराला हात पुसून सही केली, सावकाश, एकेक अक्षर. मग कॅप्टनची टोपीही मी सोडली. ती अट कोणी घातली नव्हती, पण पुढच्या वर्षी पुन्हा बैठक होईल तेव्हा टेबलापाशी बसायला जिची सही चालते अशी कॅप्टन लागेल.

सोमवारी दोन वाजता आम्ही खोल भागात होतो. एक जीवरक्षक जागेवर होता. दुसरा खुर्चीत मान टाकून घोरत होता. नव्या कॅप्टननं, रविवारी पाणी प्यायलेल्या माझ्या शेजारणीनं, माझ्याकडे बघितलं. मी तक्रारीचं पत्रक लिहायला गेले नाही. काठापर्यंत पोहत गेले आणि दोन्ही हातांनी त्याच्यावर पाणी उडवलं, तो उठून ताठ बसेपर्यंत.