सावलीत वाळवलेला पाला

ते मेंढपाळ मामा मला एकदाच भेटले, वेळापूरजवळच्या माळावर मेंढ्या राखताना. मी निरगुडीचा पाला उन्हात पसरत होतो. त्याच्या अर्काच्या मदतीने चांदीच्या क्षारापासून अतिसूक्ष्म कण तयार करून डाळिंबावरची बुरशी रोखायची होती.

"उन्हात जीव जाईल की पाल्याचा, सायेब! सावलीत वाळवा. मेंढरांची खुरं सडली की आमी तसाच लावतो." त्यांनी बाभळीखाली आपली घोंगडी अंथरली, पाला हलक्या हाताने तिच्यावर पसरला आणि स्वतः उन्हात बसले.

सोलापूरच्या प्रयोगशाळेत उन्हातला पाला वाया गेला, सावलीतल्याने बुरशी थांबली. शोधनिबंधात मी लिहिलं की ही पद्धत मीच शोधली. छापायला देण्याआधी काल ती ओळ खोडली. तिथे मामांचं नाव लिहायला गेलो, तर ते मी विचारलंच नव्हतं.