नानांना घेऊन सोनपेठला, घर विकायला

घर विकायचं हे नानांनीच ठरवलं. नाना म्हणजे माझे वडील. सोनपेठच्या सरकारी मदरशात (निजामाच्या मुलखात शाळेला मदरसाच म्हणतात) त्यांनी सगळी हयात मास्तरकी केली. मी त्यांची एकुलती एक मुलगी. आई गेली, आणि तिच्यामागं थोड्याच काळात काचबिंदूनं नानांचे दोन्ही डोळे गेले, तेव्हा मी त्यांना नगरला आमच्याकडं घेऊन आले. सोनपेठच्या घराला कुलूप लागलं.

गेल्या पावसाळ्यात तिकडचं माळवद गळायला लागल्याचा निरोप आला. नाना जेवता जेवता म्हणाले, "विकून टाकू. बंद घर लवकर बसतं." रहीमभाई शिंपी घर घ्यायला तयार होता. तो नानांचा जुना विद्यार्थी. मी शिकवते त्या शाळेतून रजा काढली. एकटीनंच जायचं मनात होतं, पण नाना म्हणाले, "मीही येतो. आंधळ्या माणसाची तुला अडचण होईल, ते कळतंय मला. पण येतो."

पौष लागला होता. तुमच्यापैकी कुणाला त्या बाजूला जायचं असेल तर याच दिवसांत जा. ऊन सोसतं आणि शेतात हुरडा असतो. नगरहून मनमाडपर्यंत आपली मोठी गाडी, तिथून पुढं निजामची लहान रुळांची. हद्दीत शिरलं की करोडगिरीवाले, म्हणजे जकातवाले, सामान उघडून बघतात, त्यामुळं नवं कापड बरोबर नेऊ नका. आपला इंग्रजी कलदार रुपया मनमाडलाच बदलून निजामचा हाली करून घ्यावा, गावात गेल्यावर बट्टा जास्त जातो. लढाईमुळं गाड्यांना गर्दी फार. दोघांना मिळून एका माणसाची जागा मिळाली. नाना खिडकीशी, मी आमच्या वळकटीवर.

परभणीला परळीची गाडी धरली. स्टेशनावर गरम भजी घेतली, तीच आमची न्याहारी. परभणी सुटल्यावर नाना ताठ बसले. पोखर्णीला गाडी थांबायच्या आधीच त्यांनी नरसिंहाला हात जोडले. पुढं गोदावरीच्या पुलावर चाकांचा आवाज बदलला, तसे ते समोरच्या बाईला म्हणाले, "पाणी बरंच आहे का हो यंदा?"

"हाय की. तुमास्नी दिसायलं न्हाई का?" ती म्हणाली, आणि मग तिचं त्यांच्या डोळ्यांकडं लक्ष गेलं.

"आवाजावरून वाटलं बरंच आहे," नाना म्हणाले.

गंगाखेडला उतरून बैलगाडी केली. सडक कच्ची, काळ्या मातीची, चाकोऱ्या खोल. पाठीला त्रास असलेल्यांनी गाडीत कडब्याच्या दोन पेंढ्या जास्त टाकून घ्याव्यात. दोन्ही बाजूंना ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली, मध्ये करडईचे काटेरी पट्टे. गाडीवान वाटेत एका विहिरीवर थांबला, आम्ही भाकरीचं फडकं सोडलं. सोनपेठ आलं तेव्हा गुरं घरी परतत होती.

आता घराविषयी. फार मोठं काही नव्हे. पुढं एक खोली, मागं एक, तिच्यात चूल, आणि पाठीमागं फरशी घातलेलं छोटं अंगण. नगरला आमच्या भाड्याच्या घरात नाना दिवसभर एका खुर्चीत बसून असतात. उठले की कुठं तरी आपटतात, म्हणून उठतच नाहीत. पाणी हवं तर हाक मारतात, आणि हाक मारायला लागते म्हणून पाणीही कमीच पितात. सोनपेठला मी कुलूप काढलं आणि त्यांचा हात धरायला वळले, तर ते माझ्या शेजारून आत गेलेही होते. उंबरठ्यावर पाय न अडखळता उचलला. खुंटीला टोपी अडकवली. खाटेला वळसा घालून मागच्या खोलीत गेले, कोनाड्यातली काडेपेटी काढून माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "दिवा लाव. तुला अंधारात काही सापडायचं नाही."

मी दिवा लावला. घासलेटाची टंचाई असल्यानं शेजारच्या मैनाबाईनं आम्ही आल्याबरोबर करडईच्या तेलाचा दिवा आणून दिला होता. त्या उजेडात मी नानांना बघत होते. किती तरी दिवसांनी ते हात पुढं न धरता चालत होते.

घर विकण्याजोगं करायला बरंच काम होतं. माळवदावर पांढरी माती टाकून चोपायची होती. भिंतींना चुना द्यायचा होता, दारांची बिजागरं गंजली होती, मागची खोली उंदरांनी पोखरली होती. मैनाबाई मदतीला आली. ही विधवा बाई, दोन एकरांची धनीण, मुलगा-सून पूर्णेला रेल्वेत. सकाळी शेतावर जाऊन यायची आणि दुपारी आमच्याकडं सारवायला. मजुरी देऊ केली तर म्हणाली, "मास्तरांनी माझ्या लेकाला अक्षर शिकीवलं. त्याचे कोण पैशे घेतले हुते?"

काम करताना मला तिथलं राहणं आवडायला लागलं. सकाळी पाणी भरायला गेलं की चार बायका आपणहून बोलत. दूध दारात येई. आठवड्याच्या बाजाराला गेले तेव्हा वांगीवालीनं माझं तोंड बघून विचारलं, "मास्तरांची सुमन न्हवं का तू?" आणि पिशवीत मिरच्यांची मूठ टाकली. बाजार बघण्यासारखा असतो. गुळाच्या ढेपा, घोंगड्या, गाडग्यांची उतरंड, एका बाजूला बैलांचे घुंगुर विकणारा. जेवायला मात्र तिथं काही मिळेल असं धरू नका, शिदोरी न्या. किंवा कुणाच्या तरी शेतावर जा. आम्ही मैनाबाईच्या शेतावर हुरडा खायला गेलो. नाना आगटीजवळ बसले, गरम कणसं तळहातावर चोळत, फुंकर मारत. गावातली दोन-तीन म्हातारी माणसं येऊन बसली. कुणाचं भांडण, कुणाची सोयरीक, तहसीलदार कसा आहे, सगळं निघालं. नाना हसत होते. मला ते हसणं ओळखीचं होतं, पण नगरमध्ये मी ते ऐकलं नव्हतं.

परत येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुमे, मी इथंच राहिलो तर?"

घरी येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होते.

मैनाबाईला विचारलं. ती शेणाचा हात थांबवून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. दोन भाकरी मी घालीन सांच्याला न् सकाळी. मी बी एकलीच हाय. मास्तर अंगणात बसले तर मला बी बोलायला माणूस."

"आजारी पडले तर?"

"तर तुमाला सांगावा धाडीन. मानूस कुटं बी आजारी पडतंय, ताई."

रहीमभाईलाही सांगणं भाग होतं, कारण नानांनी त्याला शब्द दिला होता. तो आला, दारात वहाणा काढल्या, नानांच्या पायांना हात लावून खाली बसला. त्याच्या मुली मोठ्या होत होत्या आणि दुकानामागच्या एका खोलीत पाच माणसं राहत होती. त्याला घराची निकड होती. तरी तो म्हणाला, "मास्तर, मेरेकू कोई जल्दी नै. तुमी ऱ्हाते तो मैं ठैरता. दुसरा घर देखेंगे." बोलताना त्यानं एकदा भिंतीकडं बघितलं, बहुतेक मशीन कुठं ठेवायचं ते त्यानं मनात ठरवलं असावं. मला त्याचंही वाईट वाटलं.

पण मी जवळजवळ ठरवलं होतं. घर विकायचं नाही. रंगरंगोटी तरी पुरी करू, नाना स्वच्छ घरात राहतील. पुढच्या खोलीला चुना द्यायचा म्हणून सामान अंगणात काढणं भाग होतं. सकाळी मी नानांना सांगितलं, "आज पुढची खोली रिकामी करतोय." ते "बरं" म्हणाले आणि काठी घेऊन मारुतीच्या देवळात गेले. तिथं त्यांची बैठक रोज बसायची.

खाट, पेटी, पाण्याचा माठ, मातीची उतरंड, सगळं आम्ही बाहेर काढलं. चुन्याचा पहिला हात झाला. मी मागं होते, मैनाबाई शिडीवर. नाना नेहमीपेक्षा लवकर आले, हे तिलाही कळलं नाही. उंबरठा ओलांडून त्यांनी नेहमीची पावलं टाकली, खाटेच्या कडेला हात टेकायला वाकले आणि कड तिथं नव्हती.

आवाज ऐकून मी धावत आले. ते ओल्या जमिनीवर बसले होते. कपाळाला खोक पडली होती, फार नाही. दोन्ही हात समोर धरून ते हवेत चाचपत होते. हातांना काहीच लागत नव्हतं. खोली रिकामी असली की आवाजही वेगळा येतो. त्यांनी खाकरून बघितलं, आणि तो आवाज ऐकून त्यांचा चेहरा कावराबावरा झाला.

"सुमे," ते म्हणाले, "मी कुठंय?"

"घरीच आहात नाना. पुढच्या खोलीत."

"नाही," ते म्हणाले. "हे आपलं घर नाही."

मैनाबाई शिडीवरून उतरली आणि पदरानं त्यांचं कपाळ दाबून धरलं. ती रडत होती. आम्ही दोघींनी चुना ओला असतानाच सामान आत आणलं. खाट होती तिथं, पेटी होती तिथं, माठ होता तिथं. जमिनीवरच्या जुन्या खुणा बघून बघून ठेवलं. मग मी म्हटलं, "नाना, आता या. सगळं जागेवर आहे."

ते उठले. खाट जागेवर होती, पण ते तिच्याकडं चालत गेले नाहीत. भिंतीला हात लावून, पाऊल पुढं सरकवून चाचपून, मग दुसरं, असे गेले. नगरला चालतात तसे. दुसऱ्या दिवशीही तसेच. टोपी खुंटीला अडकवताना ती दोनदा खाली पडली. दुपारी जेवण झाल्यावर म्हणाले, "रहीमला बोलाव."

"नाना, थोडे दिवस जाऊ द्या. सवय होईल परत."

"सवय होती म्हणून तर चाललं होतं," ते म्हणाले. "मैनाबाई भाकरी देईल. पण तिनं एखादा पाट जरा इकडचा तिकडं सरकवला तरी मी पडायचा. तिनं किती जपायचं मला? आणि रहीमच्या पोरी एका खोलीत आहेत. बोलाव त्याला."

तहसीलकचेरीत खरेदीखत झालं. सगळं उर्दूत. कारकुनानं अंगठ्यासाठी शाई पुढं केली तेव्हा नाना म्हणाले, "सही करतो. बोट कुठं ठेवायचं तेवढं दाखव." त्यांनी सही केली. अक्षर तिरकं गेलं, पण पुरं झालं. रहीमभाईनं बाहेर येऊन त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "मास्तर, घर तुमाराच समजो. कब बी आव." नाना म्हणाले, "पोरींना मदरशात घाल." बस, एवढंच.

निघताना मैनाबाई गाडीबरोबर ओढ्यापर्यंत आली. तिनं हुरड्याची पुरचुंडी दिली आणि नानांना म्हणाली, "मास्तर, जपून." नाना तिच्या आवाजाच्या दिशेनं वळले. गाडी हलली तरी ते तसेच मागं तोंड करून बसले होते.

परतीच्या प्रवासाचं फारसं सांगण्यासारखं नाही. परभणीला गाडी चुकली, मुसाफिरखान्यात थंडीत बसून राहिलो. तुम्ही गेलात तर एक जाड घोंगडी नक्की न्या.

नगरला येऊन आता बरेच दिवस झाले. लोक विचारतात, घराचं काम नीट झालं ना. झालं. व्यवहार चांगला झाला, माणूस चांगला मिळाला. मला स्वतःला विचाराल तर सोनपेठचे ते दिवस, विहिरीवरच्या बायका, बाजार, आगटीभोवतीच्या गप्पा, यांची आठवण येते आणि तिथं राहावंसं वाटतं. जमलं तर तुम्हीही चार दिवस अशा एखाद्या लहान गावात राहून या, बघून लगेच परत फिरू नका.

पण घरात नाना बसलेले असतात. परवा मी शाळेतून आले तेव्हा खुर्चीतच होते. मी विचारलं, "सोनपेठची आठवण येते का हो?"

"येत नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "डोळे गेल्यावरसुद्धा ते घर मला दिसायचं. इथं बसल्या बसल्या मी त्यात फिरून यायचो. तुझी आई चुलीपाशी असायची. आता रहीमनं खाट कुठं टाकलीय, मशीन कुठं ठेवलंय, चूल हलवली का, मला काय ठाऊक? आता काही दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. माझे यजमान बाहेर गेले होते. मी कामं तशीच टाकली, नानांचा हात धरून त्यांना खुर्चीतून उठवलं आणि आमच्या दारापाशी नेऊन उभं केलं.

"काय करायलीस?" त्यांनी विचारलं.

"हे दार," मी म्हटलं. "डाव्या हाताला कडी आहे. बघा लागते का."

त्यांनी हात वर केला. कडी बरीच खाली होती. त्यांनी चाचपली, सापडली, ती धरून ते थोडा वेळ उभे राहिले.

"मग?" ते म्हणाले. "पुढं काय आहे?"