पत्र्यातून जाणारा वायू

कोल्हापुरात भारनियमन रोजचंच होतं, त्या वर्षांत मी हायड्रोजनवर पीएच.डी. करत होते. सूर्यात चालतं तसं अणूंचं मीलन ज्या यंत्रांत घडवतात, तिथल्या तापलेल्या धातूच्या भिंतींतून हायड्रोजन आणि त्याची जड भावंडं पाझरतात. भोक नाही, चीर नाही, तरी जातात. किती जातात, ते मी पॅलॅडियम या धातूच्या, भट्टीत तापवलेल्या पातळ पत्र्यावर मोजायचे. पत्र्याच्या एका अंगाला हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला पंपाने केलेली पोकळी.

"लोखंडातनं जातंय, मग त्याला अडवायचं कशानं गं?" मंगळवार पेठेतल्या घरी आईने एकदा विचारलं. मी विषय बदलला.

माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, भट्टी थंड होण्याआधी हायड्रोजन काढून घ्या, नाहीतर पत्रा फुगून तडकेल. एके दिवशी वीज भारनियमनाच्या वेळेआधीच गेली आणि भट्टी थंड होऊ लागली. मी आणि माझ्याबरोबर काम करणारा कुरुंदवाडचा मित्र कॅन्टीनमध्ये होतो. धावत येऊन प्रयोगशाळेचं दार उघडलं. पोकळीच्या बाजूचा दाब दाखवणारा काटा शून्याजवळ असायचा. तो पार वर चढला होता. पत्रा फाटला होता, आणि बंद पडलेल्या पंपातून वायू खोलीत येत होता.

मित्र दारातच थबकला. "वास न्हाय, रंग न्हाय. किती साठलंय कळायचं कसं?"

खिडक्या बंद होत्या. हलका वायू छताशी गोळा होत असणार. तेवढ्यात त्याचा आवाज बदलला. "पंपाचं बटण चालूच हाय की!"

वीज आली असती तर मोटरची एक ठिणगी पुरली असती.

"मेन पाड!" मी ओरडले. तो व्हरांड्यातल्या बोर्डाकडे पळाला. मी आत शिरले, हायड्रोजनचा सिलिंडर बंद केला आणि खिडक्यांचे लोखंडी खटके एकेक करून, घासू न देता, सरकवले.

आम्ही बाहेर झाडाखाली जाऊन उभे राहिलो. थोड्याच वेळात समोरच्या इमारतीतले दिवे लागले.

दुसऱ्या दिवशी पत्रा बसवलेली नळी उघडली. पत्रा सुरकुतला होता, मधोमध चिरला होता. सरांनी तो तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला. नंतर त्यांनी गळती कळवणारी घंटा मागवली.

मित्राने काम सोडलं, शिरोली एमआयडीसीत नोकरी धरली. "भिंत मधी हाय म्हणून निवांत बसायची सवयच गेली बघ," जाताना म्हणाला.

माझा प्रबंध पूर्ण झाला. पण त्या खोलीतला पंखा लावायला हात जायचा, तेव्हा नजर आधी छताकडे जायची. तिथे काहीच दिसायचं नाही.