आठ दिवसांत जाईल ते

शनिवार पेठेतल्या त्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर आला तशी गिऱ्हाइकांची हौस वाढली, आणि फोटो साफ करणाऱ्या गृहस्थांचा हट्टही. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवून, नाक स्क्रीनला जवळजवळ टेकवून ते काम करायचे. नियम एकच, तोही न विचारता ऐकवायचे. "आठ दिवसांत जाईल ते काढतो. राहणार आहे ते ठेवतो." म्हणजे पुटकुळी जायची, तीळ राहायचा.

एकदा एक बाई स्थळांना पाठवायच्या फोटोसाठी मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या हनुवटीवर भाजल्याचा वण होता.

"अहो, तेवढा वण काढा. आणि रंग जरा उजळ करा."

"मंडळी बघायला आली की वण कुठे ठेवणार, काकू?"

बाई हटेनात. तेव्हा गृहस्थांनी वण पुसला, रंग उजळला आणि स्क्रीन मुलीकडे वळवला.

"ओळखता का हिला?"

मुलगी स्क्रीनजवळ वाकली. म्हणाली, "नाही. माझाच द्या." आईने पैसे द्यायला पर्स उघडली.

पुढचा नंबर माझा. कंपनीच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं तेवढी काढा, म्हटलं.

त्यांनी चष्मा खाली ओढून मला नीट पाहिलं. "आठ दिवस झोप काढलीत तर जातील?"

"आठ दिवस रजा कोण देतंय?"

"मग ती राहणार," ते म्हणाले आणि फोटो छापायला टाकला.