शिडीवरचे भाऊजी

उघड्या तोंडाची वस्तू दिसली की ज्याचा जीव कासावीस होतो असा माणूस पृथ्वीवर एकच असावा, आणि तो नेमका माझा चुलत दीर आहे. चहाच्या कपावर बशी, रांजणावर दुहेरी फडकं. बोलता बोलता माझं तोंड उघडं राहिलं तर भाऊजींची नजर तिथंही जरा अडखळते. पण खरा जीव संडासच्या टाकीतून वर गेलेल्या गॅसच्या पाइपावर. टाकीत मच्छर होतात आणि पाइपातून गावभर निघतात, एवढं आरोग्याच्या बाईंनी एकदा ग्रामपंचायतीत सांगितलं. बाकीचे चहा पिऊन घरी गेले, भाऊजी शिडी आणायला गेले. तेव्हापासून त्यांच्या खिशात जुन्या मच्छरदाणीचे तुकडे. मार्कंड्याच्या जत्रेत आम्ही कळसाला हात जोडायचो, भाऊजी धर्मशाळेच्या मागं जाऊन पाइप बघून यायचे. पाइपाच्या तोंडावर बांधलेल्या जाळीभोवती लुगड्याचा लाल काठ गुंडाळायचे, म्हणजे जाळी जागेवर आहे की नाही ते रस्त्यावरून कळावं. त्यामुळे चामोर्शीच्या बाजारातून सायकलनं येताना मान कायम वर. दोनदा धानाच्या बांधीत पडले.

मी तेव्हा पन्नाशीची, म्हणजे स्वतःला फार शहाणी समजण्याच्या वयाची. लेकीला बघायला जिवतीहून पाहुणे येणार होते. आधीची दोन ठिकाणं ‘कळवतो’ म्हणून गेली ती गेलीच, त्यामुळे या वेळी काही उणं राहू द्यायचं नव्हतं. अंगणातल्या पाइपावरची ती लाल पगडी बघून मला लाज वाटली. शिवाय वास आला तर तिथूनच येणार, ही माझी खात्री. सकाळीच जाळी सोडली, पाइपाच्या तोंडाला पॉलिथिन लावलं, वर जर्मनचा गंज, म्हणजे आमचं भाताचं पातेलं, पालथा घातला आणि सायकलच्या ट्यूबनं आवळून टाकला. पाइप टोपी घातलेल्या शिपायासारखा दिसत होता. मी स्वतःवर बेहद्द खूश.

पाहुणे पोह्यांवर असतानाच टाकीतला गॅस वाट बदलून घरात आला. मी उदबत्ती लावली. थोड्या वेळानं उदबत्तीलाही तोच वास येऊ लागला. मुलाच्या आईनं पदर नाकाला लावला आणि लेकीनं माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवतं. तेवढ्यात मागं खणखणाट झाला. सगळे अंगणात धावलो, तर भाऊजी शिडीवर. रस्त्यावरून लाल काठ दिसला नाही म्हणून तसेच आले होते; अंगात बनियन, दातांत सुतळी, आणि हात मोकळे हवेत म्हणून माझा गंज डोक्यावर.

“वयनी, गॅस जाऊ द्या लागते, मच्छर अडवा लागते,” ते सुतळी काढून म्हणाले. “तुमी उलटंच करून राह्यल्या.”

मुलाच्या आईनं विचारलं, “हे कोन हायेत जी, घरचे?”

“नाई जी,” मी म्हटलं. “पाइपवाले हायेत.”

वरचे हात क्षणभर थांबले. मग भाऊजी म्हणाले, “हो बाई. पाइपवालाच आहो मी.”

वास गेला, सोयरीक जमली. लग्नात माझं खोटं निभावं म्हणून पोरीचा हा काका मांडवात पुढं आलाच नाही. बुंदीची बादली घेऊन पंगतीत वाढत राहिला. तिथंच विहीणबाईंनी त्यांना आमच्याकडेही एक पाइप आहे म्हणून सांगितलं. भाऊजी महिन्याभरात जाळी घेऊन जिवतीला हजर, आणि माझी लेक ‘काका’ म्हणत सगळ्यांदेखत पाया पडली. संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. “तुमच्या पाइपवाल्याले जेवू घातलं जी. घरचे असते तं धोतरजोडी दिली असती.” मी अर्धा तास नुसती ‘हो, हो’ करत होते.

आता भाऊजींना लाल काय, समोरचा पाइपही धड दिसत नाही. पोळ्याच्या आधी मी गडी बोलावून जाळी बदलून घेते. काठ माझ्याच लुगड्याचा. यंदाचा गडी नवा होता. खाटेवर बसून गाठी कशा मारायच्या ते सांगणारे हे म्हातारे कोण, म्हणून त्यानं वरून विचारलं.

“आमचे भाऊजी हायेत,” मी मोठ्यानं म्हटलं. “घरचे.”

भाऊजींनी दिसत नसूनही सवयीनं मान वर केली.

“आता सांगून का फायदा, वयनी,” ते म्हणाले. “पोरीचं लगन तं होऊन गेलं.” आणि चाचपडत माझ्या चहाच्या कपावर बशी ठेवली.