रेकॉर्डिंगमधली मचमच

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वाचून हसते. घाटात गाडी थांबवणारी बाई, पिंपळाखालचा म्हातारा... भुतांची मला कधी भीती वाटली नाही. मला किळस येते ती जिवंत माणसांची – मचमच आवाज करत जेवणाऱ्यांची. आमचे हे चहाचा भुरका मारतात तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. त्यामुळे हा प्रकार नेमका माझ्याच वाट्याला का आला, देव जाणे.

चौक गावात जुन्या हायवेलगत, टायरच्या दुकानावर आमचा छोटा स्टुडिओ आहे. हे लग्नाचं शूटिंग करतात, एडिटिंग माझ्याकडे. मागच्या वर्षी पोशीर गावची सुनंदा मोबाइल घेऊन आली. ती कर्जतला एका दवाखान्यात नर्स आहे, आमच्या जुन्या ओळखीतली. तिचे वडील – आबा – लकव्याने अंथरुणाला खिळले आणि त्यातच गेले. गिळता येत नव्हतं, त्यामुळे शेवटी शेवटी नाकातल्या नळीतून जे जाईल तेवढंच. त्या दिवसांत त्यांनी नातीच्या लग्नासाठी अडखळत दिलेला आशीर्वाद सुनंदाने रेकॉर्ड केला होता. त्यांचा तेवढाच आवाज आता उरला होता. वर्षश्राद्धाला, पंगत बसली की तो स्पीकरवर लावायचा होता. पण मागे पंखा घरघरत होता, आणि आबांचा आवाज मध्येच मोठा, मध्येच नुसतं पुटपुटणं.

असलं काम मी डोळे मिटून करते. आधी कॉम्प्रेसर – तो मोठे आवाज दाबतो, मग सगळंच वर उचललं की पुटपुटणंही ऐकू येतं. पण त्यासोबत पंखाही वर येतो, म्हणून मग गेट. गेट म्हणजे दारच. पातळी आपण ठरवायची; आवाज तिच्याखाली गेला की दार बंद, आणि दोन शब्दांच्या मध्ये एकदम शांत.

गेट लावून मी हेडफोन चढवला. "पोरी, सुखी रहा..." आबा म्हणाले. दार बंद झालं, पंखा गेला. आणि त्या शांततेत कोणीतरी जेवत होतं.

ओली, घाईची मचमच. जिभेने दाढेत अडकलेलं उकरून काढणं, बोटं चोखणं, मग घोट गिळल्याचा गुळगुळ आवाज, अगदी कानाला तोंड लावल्यासारखा. मध्येच टक् असं काहीतरी वाजायचं. मला शिसारी आली. हेडफोन काढून फेकला आणि ओढणीने कान पुसत बसले, कुणाची तरी लाळ लागल्यासारखे.

मग नीट तपासलं. त्या जागी मीटर पार तळाला होता, म्हणजे आवाज नाहीच. गेटची पातळी आणखी चढवली तर मचमच आणखी जवळ आली. गेट काढलं की नुसता पंखा! ह्यांना ऐकवलं, तर ते म्हणाले, रेकॉर्ड करताना शेजारी कोणीतरी जेवत असणार. मला ते पटलं आणि आणखीनच किळस आली. घास न गिळता येणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून असं हादडायचं?

सुनंदाला बोलावून मी जरा तिरकसच विचारलं. तिने हेडफोन लावला. तो टक् आवाज आला आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"ही आबांची कवळी हाय, वैनी. सैल झाली व्हती. खाताना अशीच वाजायची."

पण नळी घातली त्याच दिवशी तिने ती काढून, धुऊन स्टीलच्या डबीत ठेवली होती. आबा रोज सुकटीची, म्हणजे सुक्या मासळीची चटणी आणि भाकरी मागायचे. एकच घास. तो श्वासनलिकेत गेला असता तर संपलंच होतं. "दवाखान्यात दुसऱ्यांना मीच सांगते, देऊ नका. मग घरी कशी देनार? नाय दिला मी," ती म्हणाली. जाताना तिने एवढंच मागितलं, "लोकांसमोर ह्ये ऐकू येऊ देऊ नका. आमी उपाशी ठेवला म्हनतील."

मी गेट काढून टाकलं, कॉम्प्रेसर हलकाच ठेवला, पंखा दुसऱ्या मार्गाने जमेल तेवढा कमी केला. मचमच गेली. म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

श्राद्धाच्या दिवशी भर दुपारी अंगणात पंगत बसली. वडे, खीर, भोपळ्याची भाजी. आशीर्वाद लागला, स्वच्छ ऐकू आला, सुनंदा डोळे पुसत होती. फाइल संपली. लॅपटॉप माझ्यासमोरच होता, सगळं थांबलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. लोकांनी पहिला घास घेतला...

आणि स्पीकरमधून मचमच सुरू झाली.

एकेकाचे हात थांबले. सगळी पंगत गप्प झाली, कोणाचंच तोंड हलत नव्हतं, तरी जेवणाचा आवाज चालूच. ओला, अधाशी, बोटं चाटत. ह्यांनी साउंडचा मिक्सर बंद केला, मग स्पीकरची वायरच उपटली. तरी चालूच. एक म्हातारबुवा ताटावरून उठले. मी गोठ्यामागे जाऊन भडाभडा ओकले. तिथूनच ऐकलं – एक लांबलचक ढेकर, मग टक्. मग काही नाही.

सिस्टीम बिघडली म्हणून लोक आमच्या ह्यांनाच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाचा फोन. "वैनी, आबांची डबी उघडली मी. वर्षभर कवळी कोरडी ठनठनीत व्हती. आज ओली हाय. फटीत सुकट अडकलीय."

श्राद्धाच्या घरात सुकट कुठून येणार? पण तेव्हा मला ते सुचलं नाही. म्हटलं, आत्ताच्या आत्ता फेकून दे ती घाण.

"नाय वो," ती म्हणाली. आवाज इतका हलका, मी तिचा तसा कधी ऐकला नव्हता. "धुतली मी. रोज धुवायची तशीच. आबा जेवले, वैनी."

ती फाइल मी नंतर गेट लावून ऐकली. शब्दांच्या मध्ये आता काहीच नाही, नुसती शांतता. वायर काढलेला स्पीकर कसा वाजला, हे आमच्या ओळखीतल्या कुठल्याच साउंडवाल्याला सांगता आलं नाही. मलाही नाही. कवळी अजून सुनंदाच्या फडताळात आहे, कपबश्यांच्या शेजारी. तिच्याकडे गेले तर मी चहा घेत नाही.